पोलादाच्या गावात नवरात्राचे चार दिवस

शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

पहाटे साडेपाचला ब्रॅम्प्टनहून निघालो. नवऱ्याने थर्मास भरला, मी उपासाच्या खिचडीचा डबा घेतला आणि मागच्या सीटवर भाच्यासाठी दहा किलो तांदूळ, गोडा मसाला, मेतकूट आणि बर्फातले बूट ठेवले.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ठाण्यात मेकॅनिकल डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी थेट सू सेंट मेरीला पुढच्या शिक्षणासाठी आला. सुपीरियर सरोवराचं पाणी जिथून ह्यूरॉन सरोवराकडे उतरतं, तिथे नदीकाठी वसलेलं हे ७२ हजार वस्तीचं गाव. नदीपलीकडे अमेरिका, आणि तिथेही याच नावाचं आणखी एक, याहून लहान गाव. लोक नुसतं ‘सू’ म्हणतात. आम्ही सातशे किलोमीटरवर राहतो आणि दोन वर्षांत एकदाही त्याच्याकडे गेलो नव्हतो, याची टोचणी मनात होतीच.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. “मावशी, वर्कशॉपचा मालक मला कायमची नोकरी द्यायला तयार आहे. पण आमचं निम्मं काम प्लांटचं, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्याचं, आणि प्लांटचं काय होणार ते कुणालाच माहीत नाही. इथे पाय रोवू, की तुमच्याकडे येऊन शोधू? तू एकदा येऊन बघ आणि सांग.”

त्याचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मी नववीत होते. पुढची दोन वर्षं घरात काय काय बदललं ते मी पाहिलं आहे. म्हणून या प्रश्नाला फोनवर उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं.

सडबरीपर्यंतचा रस्ता म्हणजे गुलाबी-करडे खडक, पाइन आणि तळी. सडबरी निकेलचं शहर, तिथे चहापुरते थांबलो. मग १७ नंबरच्या हायवेने पश्चिमेला. मेपलची पानं लाल व्हायला लागली होती. देबराट्सच्या आसपास घोडागाडीतून जाणारं एक मेनोनाइट, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं, कुटुंब दिसलं. आईच्या मांडीवरच्या बाळाने आमच्याकडे बघून हात हलवला.

गावाच्या थोडं अलीकडे गार्डन रिव्हर फर्स्ट नेशनची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती लागते. नवा चौपदरी रस्ता सोडून आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याला वळलो, कारण भाच्याने सांगून ठेवलं होतं की पूल बघितल्याशिवाय गावात यायचं नाही. नदीवर काळपट लोखंडी रेल्वेपूल आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगात मोठी अक्षरं: ‘ही इंडियन भूमी आहे’. आम्ही गाडी कडेला घेतली. आपल्याला हा शब्द वाचून क्षणभर दचकायला होतं. चुकून चिकटलेलं ते नाव इथल्या लोकांनी पाच शतकं सोसलं; आपापसात ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात. पण कायदे त्या नावाने झाले आणि जमिनीही त्या नावाने गेल्या. हक्क सांगायचा तर तोच शब्द लिहावा लागला असणार. अक्षरं कित्येक दशकांपासून तिथे आहेत, आणि ताजी दिसतात. फिकी पडली की कुणीतरी पुन्हा रंगवत असणार.

सहाला पोचलो. भाचा वाळलाय. तळघरातली एक खोली, एक खिडकी, पण नीटनेटकी. कोपऱ्यात देवीचा फोटो आणि त्याच्याजवळच्या फळीवर बाबांचा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, त्याच्या मूळ लाकडी पेटीत. बहिणीने तो त्याला दिला हे मला माहीत नव्हतं.

रविवार, २८ सप्टेंबर

आजचा रंग केशरी. माझा केशरी कुर्ता घालून निघाले, वर जाड जॅकेट.

या गावाची सुरुवात पाण्यापासून होते, म्हणून आम्हीही तिथूनच केली. सुपीरियर आणि खालची नदी यांच्या पातळीत सुमारे २१ फुटांचा फरक आहे, आणि ते पाणी जेमतेम सव्वा किलोमीटरच्या दगडी उतारावरून खळाळत येतं. अनिशिनाबे भाषेत या जागेचं नाव बावाटिंग, म्हणजे खळाळाची जागा. फ्रेंचांनी त्याचंच ‘सू’ केलं, अर्थ तोच. खळाळाच्या कडेला व्हाइटफिश आयलंड नावाचं लहानसं बेट आहे. कालव्याच्या दरवाजावरून चालत पलीकडे जायचं आणि मग झाडीतून पायवाट.

या बेटावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसं मासे धरायला येत आली. हा पांढरा मासा त्यांच्या भाषेत अतिकामेग. छोट्या होडीत दोघं उभे राहत. एक जण लांब काठीने होडी खळाळात स्थिर धरायचा आणि दुसरा लांब दांड्याच्या जाळ्याने वरच्यावर मासा उचलायचा. इतक्या जोराच्या पाण्यात होडी जागच्या जागी ठेवायची म्हणजे काय कसब असेल, ते काठावर उभं राहिल्यावरच कळतं. शरद ऋतूत दूरदूरची कुटुंबं इथे जमायची. मासे वाळवणं, व्यापार, लग्नं, तहनामे, सगळं इथेच. सतराव्या शतकात फ्रेंच पाद्री आणि फरचे व्यापारी आले तेव्हा इथे आधीपासूनच एक गजबजलेला बाजार होता.

नंतरची गोष्ट मी बेटावरचे फलक वाचत वाचत जुळवत गेले. १८५० च्या कराराने इथल्या बॅचवाना फर्स्ट नेशनच्या लोकांना राखीव जमीन (रिझर्व्ह) मिळाली. नऊच वर्षांनी दुसऱ्या कराराने ती बहुतेक सगळी काढून घेतली गेली. मासेमारीसाठी हे बेट तेवढं उरलं होतं, तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेसाठी गेलं. १९८९ मध्ये बॅचवानाचे प्रमुख एडवर्ड सेयर्स या बेटावर येऊन राहिले आणि हलले नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बेट परत मिळालं. आज ते रिझर्व्हचा भाग आहे, आणि आमच्यासारखे कुणीही फिरकू शकतात. दाराला कुलूप नाही, तिकीट नाही. ज्यांच्याकडून हे बेट एवढ्या वर्षांसाठी हिसकावलं होतं, त्यांनी ते परत मिळाल्यावर सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. डोक्यावरून १९६२ चा अमेरिकेला जाणारा पूल जातो, त्यावर ट्रकांची रांग. खाली कंबरभर पाण्यात गळ टाकून उभे असलेले लोक. साल्मनचा हंगाम होता. मोठाले मासे उलट्या प्रवाहात अंग झोकून देत होते. मी तिथून अर्धा तास हलले नाही.

कालवाही बघण्यासारखा आहे. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की जहाज वरच्या नाहीतर खालच्या पातळीला येतं. अमेरिकेच्या बाजूचं लॉक १८५५ पासूनचं. १८७० मध्ये कॅनडाचं सैन्य पश्चिमेकडे निघालं, तेव्हा शिकोरा नावाच्या जहाजाला अमेरिकेने त्या लॉकमधून जाऊ दिलं नाही. सैनिकांना उतरून सामानासकट किनाऱ्याने चालावं लागलं. ते मनात राहिलं आणि १८९५ मध्ये कॅनडाने आपलं लॉक उघडलं. २७४ मीटर लांब, त्या वेळी जगात सर्वांत लांब, आणि विजेवर चालणारं जगातलं पहिलं. वीज तिथल्याच पाण्यावर तयार केलेली. नवरा इलेक्ट्रिकल इंजिनियर, त्याला मोटारींपासून ओढून न्यावं लागलं. त्या लॉकमध्ये आता फक्त लहान होड्या जातात. हजार फुटी मालवाहू जहाजं पलीकडच्या अमेरिकन लॉकमधूनच जातात, त्यांतलं एक जाताना बघितलं: अख्खी इमारत सरकावी तसं, जराही आवाज न करता.

जेवायला एका छोट्या हॉटेलात गेलो. नवऱ्याने आणि भाच्याने व्हाइटफिश मागवला. नवरात्रात मी मासे खात नाही, त्यामुळे मी नुसता वास घेतला. भाचा म्हणाला, “पापलेटसारखा आहे, मावशी. पण समुद्राची चव नाही.”

संध्याकाळी अर्माटिंगर यांचं जुनं दगडी घर बाहेरून बघितलं. १८१४ चं आहे. फरचा व्यापारी चार्ल्स ओक्स अर्माटिंगर आणि त्याची ओजिब्वे (अनिशिनाबेंपैकीच एक) पत्नी मनानोवे यांचं. कॅनडाच्या या भागात एवढ्या जुन्या इमारती फार नाहीत. मला त्या भिंतींपेक्षा मनानोवेचा विचार येत राहिला. तिच्या नात्यागोत्यावाचून त्या व्यापाऱ्याचा व्यापार उभाच राहिला नसता, कारण फर आणणारी माणसं तिच्या माहेरची होती.

सोमवार, २९ सप्टेंबर

भाचा सकाळी सहाच्या शिफ्टला गेला. आम्ही दोघं पश्चिमेला जेम्स स्ट्रीटकडे चालत निघालो. ही प्लांटच्या गेटसमोरची जुनी वस्ती, इटालियन कामगारांनी वसवलेली. अरुंद रस्ते, चिकटून उभी घरं, बरीच दुकानं बंद. शटरवरच्या फिकट पाट्या वाचताना मला वागळे इस्टेटमधलं रोड नंबर सोळा आठवलं. तिथेही कारखाना गेल्यावर आधी चहाची टपरी गेली आणि मग सलून.

रस्त्याच्या टोकाला अल्गोमा स्टील. आत जाता येत नाही, पण बाहेरूनही त्याचा विस्तार नजरेत मावत नाही. या सगळ्याची सुरुवात फ्रान्सिस क्लर्ग या माणसाने केली. मेन राज्यातला हा वकील १८९४ मध्ये इथे आला आणि त्याने अर्धवट राहिलेला जलविद्युत कालवा विकत घेतला. मग कागदाच्या लगद्याची गिरणी, उत्तरेला लोखंडाची खाण, खाणीपर्यंत रेल्वे, आणि १९०१ मध्ये पोलाद कारखाना. १९०२ मध्ये इथे रेल्वेचे रूळ तयार झाले. १९०३ मध्ये पैसा संपला. पगार थकलेले कामगार रस्त्यावर उतरले आणि टोरोंटोहून सैन्य आणावं लागलं. म्हणजे कारखाना दोन वर्षांचा होता तेव्हाच गावाने पहिलं मोठं संकट पाहिलं.

त्यानंतरचा इतिहास मी भाच्याच्या खोलीतल्या टेबलावर कागदावर तारखा लिहून काढला, कारण तो समजल्याशिवाय त्याला काही सांगणं बरोबर नव्हतं. १९९२ मध्ये कारखाना बुडायला आला, तेव्हा कामगारांनी पगार कमी करून घेतले आणि बदल्यात कंपनीचे ६० टक्के शेअर घेतले. २००१ मध्ये पुन्हा दिवाळखोरीपासून संरक्षण. २००७ मध्ये आपल्या मुंबईच्या एस्सारने १.८५ अब्ज कॅनेडियन डॉलरला कंपनी विकत घेतली. भाचा सांगतो, जुन्या कामगारांना ‘मुंबई’ शब्द नीट ठाऊक आहे. तो मुंबईजवळचा म्हटल्यावर त्याला पहिल्याच आठवड्यात एस्सारबद्दल विचारलं गेलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी पुन्हा कोर्टाच्या संरक्षणाखाली गेली आणि २०१८ च्या अखेरीस नव्या मालकांच्या हातात. महालक्ष्मीच्या एस्सार हाऊसवरून माझी कॉलेजची बस जायची. त्या इमारतीतल्या एका निर्णयाची आठवण सुपीरियरच्या काठावरच्या या वस्तीत माणसं अजून काढतात.

सध्या दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. एक म्हणजे झोतभट्टी जाऊन विजेची भट्टी येते आहे. जुन्या पद्धतीत दगडी कोळशाचा कोक करायचा आणि तो लोहखनिजाबरोबर झोतभट्टीत जाळून लोखंड काढायचं. नव्या भट्टीत भंगार घालायचं आणि विजेच्या ठिणगीने वितळवायचं. यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४२ कोटी डॉलरपर्यंतचं साहाय्य जाहीर केलं होतं, आणि जुलै २०२५ मध्ये नव्या भट्टीतून पहिलं पोलाद निघालं. धूर खूपच कमी होणार. पण कोक ओव्हन आणि झोतभट्टी म्हणजे शेकडो माणसांचं काम, ते त्याबरोबर जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्याला काही वर्षं लागतील असा हिशेब होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेचं आयातशुल्क. मार्चमध्ये पोलादावर २५ टक्के, जूनमध्ये ५० टक्के. या कारखान्याचं अर्ध्याहून अधिक पोलाद नदीपलीकडे जायचं. काठावर उभं राहिलं की जे गाव दिसतं, त्याच देशात माल पाठवणं परवडेनासं झालं. याच आठवड्यात केंद्र आणि ओंटारियो सरकारने मिळून ५० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर केलं. दुपारी कॉफीच्या दुकानात सगळ्या टेबलांवर तोच विषय होता. निवृत्त मिलराइट (कारखान्यातली यंत्रं बसवणारे, दुरुस्त करणारे) असलेले एक आजोबा आमच्याशी बराच वेळ बोलले. त्यांच्या उमेदीच्या काळात गेटमधून दहा हजारांहून जास्त माणसं आत जायची, आता तीन हजारही नाहीत. त्यांची तिन्ही मुलं दक्षिणेला गेली. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण थांबून थांबून बोलत होते.

प्लांट सोडून गावात काय आहे, याचाही आम्ही दिवसभर शोध घेतला. मोठं हॉस्पिटल आणि वृद्धाश्रम, तिथे माणसं कायम हवी असतात. ओंटारियोच्या लॉटरी महामंडळाचं मुख्य कार्यालय. जंगलांवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं केंद्र. सौर पॅनेल बनवणारी हेलिएन कंपनी. तेलविहिरींसाठी नळ बनवणारा टेनारिसचा कारखाना. १८९० च्या दशकातली कागद गिरणी २०११ मध्ये बंद पडली. तिच्या लाल दगडी इमारतींत आता लग्नं आणि कार्यक्रम होतात. आणि कॉलेज. २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसांवर मर्यादा आली, त्याचा फटका उत्तरेच्या लहान गावांतल्या कॉलेजांना फार बसला. भाच्याच्या वर्गात सोळा भारतीय मुलं होती, या वर्षीच्या वर्गात दोन.

संध्याकाळी तो कामावरून आला. हात काळे, डोळे थकलेले. पिठलं-भात जेवलो आणि मग टेबलावर कागद घेऊन बसलो.

“सांग आता,” तो म्हणाला.

इथल्या नोकरीचा खरा फायदा कायमच्या वास्तव्याचा. ग्रामीण समुदायांसाठीची नवी योजना जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली, देशातल्या चौदा समुदायांपैकी सू एक. यादीतल्या मालकाने कायम नोकरी दिली आणि समुदायाने शिफारस केली की अर्ज करता येतो. टोरोंटोच्या गर्दीत हीच वाट कितीतरी लांब आहे. शिवाय खोलीचं भाडं आमच्याकडच्या निम्मं.

“मग घेऊ?”

“घे. पण एका अटीवर,” मी म्हटलं. “मिलराइटची अप्रेंटिसशिप मालकाकडून रीतसर नोंदवून घे. आठ हजार तास भरायचे, परीक्षा द्यायची, रेड सील घ्यायचा. मग कुठल्याही प्रांतात काम करता येतं. वर्कशॉप राहो नाहीतर जावो, तो कागद तुझा.”

मग मी त्याला आजोबांचं सांगितलं. बाबांच्या हाताला एक शतांश मिलिमीटर कळायचा. पण सतरा वर्षांच्या कामाचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. कारखाना बंद झाल्यावर दुसरीकडे गेले तर हेल्पर म्हणून घ्यायला लोक तयार होते, टर्नर म्हणून नाही. त्याच्या आईने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. तो उठला, फळीवरची पेटी खाली घेतली आणि बराच वेळ मायक्रोमीटरचा खटका फिरवत बसला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज कॅनडात सत्य आणि सामोपचाराचा दिवस. घरापासून तोडून निवासी शाळांत नेलेल्या इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांच्या आठवणीत लोक नारिंगी शर्ट घालतात. नवरात्राचा आजचा रंग गुलाबी, पण मी रविवारचाच कुर्ता पुन्हा घातला.

अल्गोमा विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे लाल विटांचं शिंगवाक हॉल, १९३५ मध्ये बांधलेलं. १९७० पर्यंत ती निवासी शाळा होती. इथली गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली, कारण तिची सुरुवात एका चांगल्या इच्छेने होते.

शिंगवाकोन्स म्हणजे ‘लहान पाइन’. गार्डन रिव्हरचे प्रमुख. १८३२ च्या हिवाळ्यात ते बर्फातले जोडे घालून आताच्या टोरोंटोपर्यंत चालत गेले आणि गव्हर्नरकडे शिक्षक मागितला. आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीने जो रस्ता कापला, तो. त्यांना आपल्या मुलांसाठी ज्ञानाचं घर हवं होतं, जिथे मुलं नव्या जगाची विद्या शिकतील आणि आपलं आपल्याजवळच ठेवतील. त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने, ऑगस्टीन शिंगवाक यांनी, दक्षिणेतल्या चर्चमध्ये हिंडून पैसे गोळा केले. १८७३ मध्ये गार्डन रिव्हरला शाळा उघडली आणि सहाच दिवसांत जळाली. मग ती इथे पुन्हा उभी राहिली. पण हळूहळू तिचा ताबा सरकारी धोरणाकडे गेला आणि उलटंच झालं. मुलांना घरापासून तोडलं, केस कापले, भाषा बोललं की शिक्षा. अशा शाळांत देशभर सुमारे दीड लाख मुलं गेली. मागच्या बाजूला दफनभूमी आहे. मी आत गेले नाही. कुंपणाशी उभी राहिले.

आतल्या प्रदर्शनात जुने वर्गफोटो आहेत. शाळेतून वाचलेल्यांनी १९८१ मध्ये इथेच पहिलं संमेलन भरवलं, तेव्हापासून ते स्वतःच असे फोटो गोळा करतात, नावं शोधून लिहितात. एका फोटोखाली अर्धी नावं आहेत आणि बाकीच्या चेहऱ्यांखाली जागा रिकामी सोडली आहे. एक वयस्कर बाई काठी टेकत येऊन त्या फोटोसमोर थांबल्या, एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि सोबतच्या मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी लिहून घेत होती.

करार समजून घ्यायचा तर याच माणसाकडे परत यावं लागतं. १८४० च्या दशकात सरकारने सुपीरियरच्या काठावर खाणींचे परवाने वाटायला सुरुवात केली, जमीन कुणाची हे न विचारता. नोव्हेंबर १८४९ मध्ये शिंगवाकोन्स, बॅचवानाचे नेबेनाइगोचिंग आणि त्यांचे साथीदार मायका बे इथल्या खाणीवर गेले आणि त्यांनी ती बंद पाडली. पुढच्याच सप्टेंबरमध्ये रॉबिन्सन करार झाला. जमिनीच्या बदल्यात दरवर्षी रक्कम, आणि जमिनीतून उत्पन्न वाढलं की ती वाढवायची, असं लेखी. १८७५ मध्ये ती माणशी चार डॉलर झाली. त्यानंतर सडबरीतून निकेल निघालं, जंगलं तुटली, रेल्वे आली, पोलाद आलं. रक्कम चार डॉलरच राहिली. जवळजवळ दीडशे वर्षं.

शेवटी इथले फर्स्ट नेशन्स कोर्टात गेले. २०२३ मध्ये रॉबिन्सन करारांपैकी ह्यूरॉनच्या करारातल्या २१ फर्स्ट नेशन्सना मागच्या नुकसानभरपाईपोटी दहा अब्ज डॉलर द्यायचं ठरलं, निम्मे केंद्राचे आणि निम्मे ओंटारियोचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारने वचनभंग केल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं. काल रात्री मी भाच्याला कागदाचं महत्त्व सांगत होते. इथे तर कागद पहिल्यापासून हातात होता, सही-शिक्क्यासह. तो वाचायला लावण्यासाठी एवढ्या पिढ्या गेल्या.

दुपारी हिरवळीवर ढोल वाजले. लहान मुलं, विद्यार्थी, प्लांटची जॅकेटं घातलेले कामगार, सगळे नारिंगीत. पंजाबी विद्यार्थिनींचा एक घोळकाही होता. निघताना सकाळच्या त्या काठीवाल्या आजी दाराशी भेटल्या. त्यांनी माझ्या कुर्त्याच्या कापडाला हात लावून बघितला. मी नवरात्राचं सांगितलं, रोजच्या रंगाचं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. निरोप घेताना त्या ‘बामापी’ म्हणाल्या. त्यांच्या भाषेत कायमच्या निरोपाचा शब्द नाही, याचा अर्थ ‘नंतर भेटू’. मी त्यांना सांगितलं, आमच्यातही जाताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

तीनला निघालो. रात्र सडबरीत काढली.

नंतर

हे लिहून पूर्ण करायला डिसेंबर उजाडला, म्हणून पुढचंही लिहिते. १ डिसेंबरला कारखान्याने सुमारे एक हजार कामगारांना नोटिसा दिल्या. झोतभट्टी आणि कोक ओव्हन ठरल्यापेक्षा लवकर बंद होणार, माणसं २३ मार्च २०२६ ला जाणार. बातमी वाचल्याबरोबर भाच्याला फोन केला.

तो शांत होता. वर्कशॉपकडे फेब्रुवारीपर्यंतचं काम आहे. अप्रेंटिसशिपची नोंद ऑक्टोबरमध्येच झाली, तास मोजायला लागले. हॉस्पिटलच्या देखभाल विभागातही अर्ज केला आहे, तिथे गेला तरी भरलेले तास त्याच्याच नावावर राहतील. शेजारच्या घरातले काका मात्र नोटीस मिळालेल्यांत आहेत, एकतीस वर्षं कोक ओव्हनवर. रविवारी त्यांच्याकडचं बर्फ तो काढून देतो.

“मावशी, तिथे उभं राहिलं की अजून ऐकू येतं,” तो म्हणाला. “सगळी नदी गोठायला लागलीय, पण बेटाजवळ पाणी तसंच चालू आहे.”

फोन ठेवताना म्हणाला, “बामापी.”

मी म्हटलं, “ये.”